सुई कुठल्या थरात जाते, हाही आपलाच प्रश्न आहे

मागच्या बैठकीत आम्ही नर्सेसच्या प्रशिक्षणाचा विषय काढला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं, "अॅट्रॉसिटीची प्रकरणं, शिष्यवृत्ती, गायरान, एवढं सगळं पडलेलं असताना सुई कशी टोचायची याचा चळवळीशी काय संबंध?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर लिहून देतो आहोत.

बाबासाहेबांना मधुमेह होता, ते इन्सुलिन घेत होते. १९४८ साली माईसाहेब आल्या आणि घरातच डॉक्टर आली. सेनगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्हाला भेटलेल्या मावशींच्या घरात डॉक्टर नाही, फ्रीजही नाही. इन्सुलिनची बाटली त्या पाण्याच्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवतात. (यात हसण्यासारखं काही नाही, त्याने थंडावा खरंच राहतो.) पण त्यांच्या पोटावर बेंबीशेजारी लिंबाएवढी रबरी गाठ आहे. तीन वर्षं रोज त्याच जागी सुई. जागा बदलत राहायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अशा जागेतून औषध कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम जास्त. मग साखर उतरते, बाई निंदताना कोसळते आणि गाव म्हणतं, उन्हाने चक्कर आली.

दुसरा धोका सिरिंजचा. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटसाठी. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये नेहमीच्याच आकड्यापर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो. टोपणाचा रंग ओळखण्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात.

त्वचेखालचं इंजेक्शन म्हणजे कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या चरबीच्या थरात औषध सोडणं. दिसायला सोपं. पण लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बसलेल्या आरोग्यसेविकेचं काम बघा. बीसीजी डाव्या दंडावर, कातडीच्या आतच. पेंटाव्हॅलंट मांडीच्या स्नायूत, सुई सरळ उभी. गोवर-रुबेला उजव्या दंडावर, त्वचेखाली, सुई तिरकी धरून अर्धा मिली. समोर रडणारी लेकरं, बाहेर कामाचा खाडा करून आलेल्या आया. गोवर-रुबेलाची पावडर तिच्यासोबत आलेल्या द्रवातच मिसळायची, आणि चार तासांनंतर उरलेली वापरायची नाही. नाहीतर तिच्यात जंतू वाढू शकतात आणि तेच बाळाच्या अंगात जातात.

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाच्या लसीनंतर तीन बालकं दगावली. लस नियमाप्रमाणे साठवली नव्हती, असं प्राथमिक चौकशीत पुढे आलं. नर्स आणि फार्मासिस्ट निलंबित झाले. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या बाजूनेच आम्ही बोलतो आहोत. हलगर्जीपणाला माफी नाही. पण कारवाई खालच्या पायरीवरच का थांबते? तिचा हात शेवटचा कोणी तपासला, शीतपेटी कोणी पुरवली, हे विचारायची जबाबदारी कोणाची? उतरंडीचा हा नियम आपल्याला नवा नाही. काम खालच्याने करायचं आणि दोषही खालच्यानेच घ्यायचा.

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच सिस्टर आपल्याच घरांतल्या आहेत. बौद्ध, मातंग, बंजारा, मुस्लिम. अनेकजणी कंत्राटी. प्रशिक्षणाबद्दल विचारलं की त्या हसतात. सभागृहात पडद्यावर चित्रं, रजिस्टरवर सही, चहा-बिस्किट. एक म्हणाली, "दादा, माझा हात कुणी बघितलाच नाही. मोठ्या सिस्टरचं बघून शिकले." त्या मोठ्या सिस्टरने सवयीने टोपण परत सुईवर लावलं की ही पण लावते, आणि एखाद्या दिवशी तीच सुई तिच्या बोटात जाते. कावीळ बी, एचआयव्ही, सगळं त्या टोकावर असू शकतं.

९ ऑक्टोबर २०२४ ला हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आता एवढी संस्था दारात असताना उपकेंद्रावरच्या सेविकेला सरावासाठी प्लास्टिकचा दंड मिळू नये? आमची मागणी साधी आहे. कायम असो की कंत्राटी, प्रत्येकीने तिथे येऊन स्वतःच्या हाताने इंजेक्शन द्यावं, शेजारी उभं राहून कोणीतरी कोन आणि जागा तपासावी, चुकलं तर पुन्हा करून घ्यावं. वर्षातून एकदा तरी. आणि त्या दिवसाचा पगार कापू नये.

दवाखान्यात कोणी दगावलं की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो टाकतो. आम्हीही हेच केलं आहे. त्याआधीच्या वर्षांत एकदाही कागद मागितला नव्हता.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. गेल्या तीन वर्षांत किती सेविकांचं प्रत्यक्ष हाताने प्रशिक्षण झालं, किती उपकेंद्रांवर सुई कापायचं यंत्र चालू आहे, किती जणींना कावीळ बी ची लस मिळाली, एवढंच त्यात विचारलं आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ, प्रत्येक तालुक्यातून अर्जावर सही करणारा एकजण हवा आहे. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या मित्राने कळमनुरीसाठी नाव दिलं आहे.