पहिली दोन पानं

आपल्या सीमाभागात पत्त्यांचाही हिशेब दोन भाषांत चालतो. मराठीत इस्पिक हा चार रंगांपैकी एक रंग. कन्नडमध्ये 'इस्पीट' म्हटलं की अख्खा जोडच आला, आणि पेपरात 'इस्पीट अड्डा' छापून आलं की त्याच्या मागोमाग पोलिसांची धाडही आली! गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन रंगलं तर घरात कुणाची हरकत नसते. पैसे आले की मात्र आजी पत्ते उचलून माळ्यावर टाकते. ही सीमारेषा आपल्या घरांतून कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना ती ठाऊक आहे.

हल्ली या रेषेवर एक नवा पाहुणा येऊन उभा राहिला आहे. त्याचं नाव 'टेक्सास होल्डेम' पोकर. माझी थोरली बहीण धारवाडला दिलेली. तिचा इंजिनिअरिंगचा मुलगा सुटीत आला, तो हेच घेऊन. "मामा, हा जुगार नाही, गणित आहे," असं त्याचं म्हणणं. अक्का म्हणाली, "तू आयुष्यभर गणित शिकवलंस ना? मग बघ तरी हा काय म्हणतोय ते." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार दिवसांनी माझं मत असं झालं, की पोरगा म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे. आणि ते खरं अर्धं प्रत्येक आई-बापाने समजून घ्यावं असं आहे.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. ती पाहून खेळायचं की टाकायचं ते ठरवायचं. मग मध्ये आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक अशी पाच पानं सगळ्यांसाठी उघडतात. दर टप्प्याला बोली. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, त्याचा डाव. मधली पानं सगळ्यांना सारखीच; म्हणजे आपलं म्हणावं असं भांडवल ही पहिली दोनच पानं. त्यांची किंमत ओळखता येणं हा या खेळाचा श्रीगणेशा.

बावन्न पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात. इस्पिकचा एक्का-राजा आणि बदामचा एक्का-राजा सुरुवातीला सारख्याच तोलाचे, म्हणून सारखेपणा वगळला की वेगळे असे १६९ प्रकार उरतात. त्यांत १३ जोड्या, ७८ एकाच रंगाचे आणि ७८ दोन रंगांचे. जोडी मिळण्याचा हिशेब आठवीच्या मुलालाही जमेल. पहिलं पान कुठलंही येऊ द्या. उरलेल्या ५१ पानांत त्याच्या जातीची तीन. ५१ मध्ये तीन, म्हणजे १७ डावांत एकदा. दोन एक्के हवे असतील तर १३ गुणिले १७, म्हणजे २२१ डावांत एकदा! माणूस वाट बघून कंटाळतो आणि हातात येईल ते चांगलं मानू लागतो. फसवणुकीला सुरुवात इथूनच होते.

एक्क्यांची जोडी सर्वांत भारी, यात वाद नाही. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याची पानं कशीही असतील, तर ती शंभरात ८५ वेळा जिंकते. समोर राजांची जोडी असली तरी ८०हून अधिक वेळा जिंकते. पण टेबलाला दहा जण बसले आहेत आणि उरलेले नऊही जण शेवटपर्यंत थांबले, तर त्याच एक्क्यांचा संभव शंभरात ३१ च्या आसपास येतो. पानं तीच, फक्त माणसं वाढली. म्हणून जाणकार चांगल्या जोडीवर सुरुवातीलाच बोली वाढवून गर्दी कमी करतो.

फसवी पानं कुठली, तेही पाहू. पहिला मोह एका रंगाचा. दोन्ही पानं बदामाची आली की नवशिक्याचे डोळे चमकतात. पण ती हातात असताना पाचही पानं उघडेपर्यंत रंग जुळून येण्याचा संभव शंभरात सहा-सात वेळांचाच. एकरंगी असण्याने त्याच दोन पानांची ताकद फार तर तीन-चार टक्क्यांनी वाढते. म्हणजे बदामाची नव्वी आणि तिर्री ही शेवटी नव्वी आणि तिर्रीच. कपाळाला कुंकू लावलं म्हणून दगडाचा देव होत नाही.

दुसरा मोह एकट्या एक्क्याचा. एक्का आणि चौका घेऊन बसलात आणि समोरच्याकडे एक्का-राजा निघाला, तर शंभरात सत्तरहून अधिक वेळा तो जिंकतो. एक्का दोघांकडे आहे, पण जोडीदार पान त्याचं मोठं. मधे एक्का उघडला की आपण खूश होतो आणि त्याच खुशीत पैसे घालवतो.

उलटही होतं. एक्का-राजा दिसायला किती रुबाबदार! पण तो एक प्रकारे आश्वासनच आहे. मधे काही जुळलं नाही तर हातात काहीच नाही. पहिल्या तीन पानांत त्याला जोडी मिळते ती साधारण तीनांत एकदा. त्यामुळे समोर दुर्रीची क्षुल्लक जोडी असली, तरी दोघांच्याच सामन्यात ती जोडी केसभर पुढे असते. आणि सर्वांत टाकाऊ पानं म्हणून नाव घेतात ते वेगवेगळ्या रंगांच्या सत्ती-दुर्रीचं. दोन्ही लहान, रंग जुळत नाही, आणि दोघींमध्ये अंतर इतकं की पाच पानांच्या एका ओळीत दोघी मिळून बसूच शकत नाहीत.

यात बसायच्या जागेचाही भाग आहे. जो आधी बोलतो, त्याला मागच्यांच्या मनातलं काही कळत नाही. जो शेवटी बोलतो, त्याने सगळ्यांचं बोलणं ऐकलेलं असतं. म्हणून बेताची पानं पहिल्या जागेवर टाकायची आणि शेवटच्या जागेवर कधी कधी खेळायची. आपल्या पंचायतीत जुने लोक शेवटी का बोलत, याचं उत्तर इथे सापडतं.

हा खेळ अमेरिकेतल्या टेक्सासचा. तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून मान दिला. लास वेगासमध्ये त्याची जागतिक स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहून पहिल्या दोन पानांची ताकदीप्रमाणे प्रतवारी केली. गंमत पाहा, त्याच वर्षी आणि १९७७ मध्येही डॉयल ब्रन्सन हे जगज्जेते झाले, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात होती दश्शी आणि दुर्री! प्रतवारीत ही पानं तळाशी. मधल्या पानांनी साथ दिली आणि ती जिंकली. म्हणून दश्शी-दुर्री चांगली पानं ठरतात का? अजिबात नाही. एका डावाच्या निकालावरून निर्णयाची पारख होत नाही.

भाच्याचं म्हणणं अर्धं कसं, ते इथे येतं. गणित आहे, हे खरं. पण ते गणित सांगतं की नऊ-दहा जणांच्या टेबलावर दहातले सात-आठ हात पहिल्या फेरीतच टाकून द्या. तरुण पोरगा रात्री एक वाजता, हरलेले पैसे भरून काढायच्या ईर्ष्येने बसलेला असताना, हे कितपत पाळील? शिवाय पैसे लावून खेळवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतो. त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांनी जिंकलेली आणि हरलेली रक्कम एकत्र केली, तर बेरीज नेहमी वजाच येते. इतरांपेक्षा थोडं हुशार असून भागत नाही; वाटा भरून निघेल इतकं हुशार असावं लागतं. अमेरिकेत २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून येऊन २५ लाख डॉलर जिंकला, हे सगळ्या पोरांना पाठ असतं. त्या वर्षी हरलेल्यांची नावं कुणाला पाठ नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पण चोर्ला घाट उतरलं की मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेतच, आणि चोरवाटा तर कुठल्याही कायद्याला असतात. कायद्याने दार बंद होईल. घरातली समज आपल्यालाच द्यावी लागेल.

अक्काला मी सांगितलं ते असं. पोराला रागावून पत्ते माळ्यावर टाकू नकोस. चिंचोके घे, सगळ्यांना वाटून दे, आणि त्याच्याबरोबर तूही खेळ. मग त्याला 'किती जिंकलास?' हे विचारू नकोस. 'आज किती हात टाकलेस?' हे विचार. पानं चांगली आली की खेळणं कुणालाही जमतं. बरी दिसणारी पानं खाली ठेवून 'साकु' म्हणता येणं, हे शिकावं लागतं. आपल्या घरांत हा शब्द रोज ताटावर ऐकू येतो. वाढणारा आग्रह करतो आणि आपण हात आडवा धरतो. तोच हात टेबलावरही आडवा धरता आला, तर गणित आलं असं मी म्हणेन.