तळ्यावरची मशीद

आमचे पिंपरी-चिंचवड म्हणजे चार गावांची मोट. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. या शहराचा मध्य कोणता, असे विचारून पाहा. जो तो आपल्याच वेशीकडे बोट दाखवील!

आमच्या शेजारचा तरुण चाकणला कारखान्यात आहे. मूळचा रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. परवा आळीतली जुनी विहीर बुजवायचा बेत निघाला. गाड्या लावायला जागा नको का? तेव्हा तो म्हणाला, "काका, आमच्या लोकांनी मुंबईत जामा मशीद बांधली, तिथंही तळं होतं. त्यांनी नाही बुजवलं."

ती मशीद मी पाहिली आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या, पाय ठेवायला जागा नसलेल्या बाजारात ती उभी आहे. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. काम १७७५ साली सुरू झाले, पण जागेवरून कज्जे लागले आणि ते पुरे व्हायला १८०२ साल उजाडले. सत्तावीस वर्षे! माणसांशी एवढे भांडण झाले, पण पाण्याशी मात्र त्यांनी तंटा केला नाही. आज तळ्यातूनच काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभ्या आहेत आणि मशिदीचा सारा भार त्यांच्या खांद्यावर आहे.

पुन्हा त्यात व्यापाऱ्याचा चोख हिशेबही आहे. नमाजापूर्वी वजू करायची, म्हणजे हातपाय-तोंड धुवायचे. त्यासाठी मशिदीत हौद लागतोच. इथे तो आधीच तयार होता, आणि तळाशी झरे! पायऱ्या उतरून पाण्याशी बसावे, मासे फिरताना पाहावेत. बाहेर वैशाख असला तरी आत गारवा.

हे सारे मी आळीच्या बैठकीत सांगितले. एक गृहस्थ म्हणाले, "मशिदीचं ठीक आहे हो, पण गाड्या?" दुसरे म्हणाले, "आणि नळाला पाणी नसतं तेव्हा?" यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर गेला.

तेवढी विहिरीला मुदत मिळाली. यंदा तिच्या कठड्यावर एक पणती मी लावणार आहे. दुसरी लावायला शेजारी येतो म्हणाला आहे.