उघडी दप्तरे आणि जुनी कुलुपे

सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही अभिलेख-कक्षाची शिस्त ठाऊक असते. कोणते दप्तर कोणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या सहीने बाहेर नेले याची वहीत नोंद होते. किल्ली एका ठरलेल्या माणसाकडे असते आणि दप्तर गहाळ झाले तर त्याला जबाब द्यावा लागतो. ही शिस्त अनेकदा जाचक ठरली हे खरे. पण तिच्यामागील विचार चुकीचा नव्हता. हेच कागद संगणकावर चढले, कचेऱ्यांची व शाळा-महाविद्यालयांची संकेतस्थळे झाली, तेव्हा मात्र नोंदवही, किल्ली आणि जबाबदार माणूस ही तिन्ही पुष्कळ ठिकाणी मागेच राहिली.

याचा प्रत्यय २०१७ साली आला. बंगलोरच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने त्या वर्षीच्या मे महिन्यात एक अहवाल प्रसिद्ध केला. अवघ्या चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक कोणालाही पाहता येत होते, असा अंदाज त्यात होता. हे लोक कोण? रोजगार हमीच्या कामावर जाणारे मजूर, वृद्धापकाळाचे अथवा वैधव्याचे निवृत्तिवेतन घेणारे गरीब. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर काही तपशील झाकलेला दिसे. परंतु पानाच्या पत्त्यातील ‘नोलॉगिन’ हा शब्द बदलून ‘लॉगिन’ असा केला की तोच तपशील उघडा होई, असे अहवालात नमूद आहे. म्हणजे कोणी कुलूप फोडून आत शिरण्याचा प्रश्नच नव्हता. दार नुसते लोटून घेतलेले होते. त्याच वर्षी आधार प्राधिकरणानेही माहिती अधिकारातील एका अर्जाच्या उत्तरात मान्य केले की, सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते व आधार क्रमांक प्रसिद्ध झाले होते. त्यांत शिक्षणसंस्थांचीही संकेतस्थळे होती.

असे का घडते, हे समजण्यास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. आजची बहुतेक संकेतस्थळे आशय-व्यवस्थापन प्रणालीवर चालतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्या कारकुनालाही मजकूर व फायली चढविता याव्यात, हा या सॉफ्टवेअरचा उद्देश. पण अशा रीतीने चढविलेली फाइल सामान्यतः सर्व्हरवरील खुल्या फोल्डरमध्ये जाते. पानावरील दुवा काढून टाकला की फाइल दिसेनाशी झाली, अशी चढविणाऱ्याची समजूत होते. वस्तुतः ती जागच्या जागीच असते, आणि ज्याला तिचा पत्ता ठाऊक आहे किंवा अंदाजाने काढता येतो त्याला ती मिळते. फायलींना ओळीने क्रमांक दिलेले असले तर एकीच्या पत्त्यावरून हजारो फायलींचे पत्ते कळतात. खरा बंदोबस्त वेगळा आहे. खाजगी फायली खुल्या फोल्डरच्या बाहेर ठेवाव्या लागतात, मागणाऱ्याचा अधिकार प्रत्येक वेळी तपासून मगच फाइल द्यावी लागते आणि दिल्याची नोंद ठेवावी लागते. ड्रूपलसारख्या प्रणालीत अशी सोय आहे. पण ती मुद्दाम निवडावी लागते.

तथापि, चांगले कुलूपही जुने झाले की निरुपयोगी ठरते. २०१६ साली पनामातील मोसॅक फोन्सेका या कायदा-सल्लागार संस्थेचे १ कोटी १५ लाख कागद बाहेर आले, तेव्हा जाणकारांनी तिचे संकेतस्थळ तपासले. अशिलांसाठी असलेला विभाग ड्रूपलच्या ऑगस्ट २०१३ मधील आवृत्तीवर चालत होता. त्या आवृत्तीत एक गंभीर त्रुटी होती. नाव व पासवर्ड नसलेल्या माणसालाही तिच्यामुळे आतील माहितीचा ताबा घेता येत असे. तिच्यावरील दुरुस्ती १५ ऑक्टोबर २०१४ रोजी फुकट उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती सात तासांच्या आत बसविली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच धरून चालावे, असा इशारा ड्रूपलच्या सुरक्षा पथकाने पंधरवड्यात दिला होता. कागद याच वाटेने बाहेर गेले असे सिद्ध झालेले नाही. पण जगभरच्या धनिकांची गुपिते सांभाळणाऱ्या संस्थेला जी दुरुस्ती दीड वर्षात करावीशी वाटली नाही, ती आपल्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालय आपणहून करील, अशी आशा कशाच्या बळावर करावी?

ड्रूपलच्या त्या सातव्या पिढीचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी मूळ संस्थेने पूर्णपणे काढून घेतला. पुढच्या पिढ्यांची बांधणीच निराळी असल्याने केवळ डागडुजी करून भागत नाही. सारे सामान नव्या घरात हलवावे लागते. याला खर्च येतो, आणि घोडे अडते ते येथेच. संकेतस्थळाच्या उद्घाटनासाठी पैसा मिळतो, पाहुणे मिळतात. देखभालीसाठी अंदाजपत्रकात ओळही नसते. कंत्राटदार निघून जातो, पासवर्ड बदलीवर गेलेल्या लिपिकाबरोबर जातो आणि संकेतस्थळ बेवारस होते.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. बंदोबस्ताचे निमित्त करून सगळीच दप्तरे बंद करण्याचा मोह आपल्या नोकरशाहीला होतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, सार्वजनिक कारभाराची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली हे योग्यच झाले. परंतु त्याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलून नकार देणे सोपे केले, हे चिंताजनक आहे. निविदा, ठेकेदारांची देयके, सभांचे इतिवृत्त, अधिकाऱ्यांचे निर्णय ही जनतेची मालमत्ता आहे. विधवेचा खातेक्रमांक, विद्यार्थ्याचा जातीचा दाखला, शिक्षकाचा वैद्यकीय अहवाल ही तशी नाही. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. देयके मागितली तर मिळत नाहीत आणि खातेक्रमांक न मागता मिळतात.

म्हणून प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी तरी कराव्यात. आपल्या संकेतस्थळावर कोणत्या फायली आहेत याची यादी करून खुल्या व खाजगी अशी विभागणी करावी. प्रणालीची आवृत्ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे लेखी सोपवावी. आणि इमारतीच्या रंगरंगोटीसाठी करतात तशी या कामासाठी दरवर्षी तरतूद करावी. जी संस्था एवढेही करू शकत नाही तिने लोकांचे खाजगी कागद संकेतस्थळावर ठेवूच नयेत. ज्यांनी आपले कागद विश्वासाने स्वाधीन केले त्यांना एवढे मागण्याचा निश्चित अधिकार आहे.