कापूस मामूंचा, पाणी सगळ्यांचं

१९ मार्च २०२५. अठरावा रोजा होता. भातकुलीला मामूंच्या घरी इफ्तारला बसलो होतो. खजूर हातात घेत मामू म्हणाले, "आज माहे दोन उपास हायेत. एक अल्लाहसाठी, एक कास्तकारासाठी."

दुसऱ्या उपासाची गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या आठवणीत, आंबाजोगाईच्या अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून, या दिवशी लोक अन्नत्याग करतात. आंदोलनाचं म्हणणं थोडक्यात असं: सीलिंगचा कायदा, आवश्यक वस्तूंचा कायदा आणि जमीन अधिग्रहणाचा कायदा हे शेतकऱ्याच्या गळ्यातले फास आहेत, ते काढा. मामूंच्या मते या तिन्ही कायद्यांचा बाप एकच, समाजवाद. आणि मी स्वतःला समाजवादी म्हणवतो. म्हणजे आरोपी आयताच दस्तरखानावर बसलेला.

मुसलमानांच्या घरात राजकारणाचा वाद म्हणजे यंदा कुणाला पाडायचं एवढाच, असं अनेकांना वाटतं. आमच्याकडे वाद कापसाच्या भावावरून होतो. घरात आम्ही आमची उर्दू बोलतो, पण शेतीचा विषय निघाला की मामू वऱ्हाडीवर येतात, आणि वऱ्हाडीत त्यांना हरवणं अवघड आहे.

मामू शरद जोशींचे. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून त्यांच्या पेटीत जपून ठेवलेला आहे. आमच्यातले काही पुरोगामी मित्र खुल्या बाजाराचं नाव काढणाऱ्याला लगेच भांडवलदारांचा दलाल ठरवतात. त्यांना मी एवढंच सांगेन की एकदा मामूंच्या वावरात येऊन बसा. हा माणूस कुणाचा दलाल नाही. त्यानं सरकार नावाचा व्यापारी जवळून पाहिलाय.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याची लूट थांबवायची. पण कायद्यानं कापूस दुसऱ्या कुणाला विकायलाच बंदी केली. केंद्रावर गाड्यांची रांग, थंडीत गाडीखाली काढलेल्या रात्री, ग्रेडरनं बोटं फिरवून ठरवलेली प्रत, आणि चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने मारलेल्या चकरा. भावासाठी आंदोलन झालं तेव्हा, डिसेंबर १९८६ मध्ये, हिंगोलीजवळच्या सुरेगावात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. मामू विचारतात, "व्यापारी लुटे, पन गोळी तं नव्हता घालत. काऊन मानू मी तुह्या सरकारले मायबाप?"

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधायचा प्रयत्नही मी आता सोडला आहे. एकाधिकार खरेदी चुकीची होती. तिची अंमलबजावणी बिघडली, असं म्हणून आम्ही समाजवादी हात झटकतो, पण चूक तिच्या मुळातच होती. शेतकऱ्यासमोर दुसरा खरेदीदार उभा राहू शकत होता. तो उभा राहू नये अशी व्यवस्था सरकारनं केली. माणसाचं दुसरं दार बंद करण्याचा अधिकार सरकारला कुणी दिला?

आणखी एका मुद्द्यावर मी मामूंच्या बाजूचा आहे. आपल्या देशात पक्षाची नोंदणी करताना समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९ अ तसं सांगतं. शरद जोशींनी राज्यसभेत असताना २००५ मध्ये ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. समाजवाद न मानणाऱ्यानं खोटं लिहून द्यायचं का, हा त्यांचा सवाल होता. आपण मुसलमानांनी तरी तो सवाल समजून घ्यायला हवा. आपल्याकडून ऊठसूट निष्ठेचे पुरावे मागितले जातात. जबरीनं घेतलेल्या शपथेची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक असणार? माझा समाजवाद मामूंना पटवून जगला तर जगेल. लिहून घेतल्यानं तो जगणार नाही.

इतकं कबूल केल्यावर मामूंना वाटलं, पोरगं रुळावर आलं. पण भांडण इथूनच सुरू होतं.

भातकुली खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतली शेकडो गावं अशी आहेत की विहीर खणा, बोअर मारा, खालून खारंच पाणी येतं. माणसाला पिववत नाही, पिकाला मानवत नाही. खणण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. सरकारनं अडवलेलं नाही, परवाना लागत नाही. पण त्या स्वातंत्र्याला खारट चव आहे. एकेकट्यानं कितीही कष्ट केले तरी गोडं पाणी निघत नाही. ते दूरच्या धरणातून, सगळ्यांच्या पैशानं टाकलेल्या पाइपातूनच येतं. इफ्तारला आम्ही जे सरबत प्यालो ते याच पाण्याचं होतं. मी मामूंना म्हटलं, "मामू, ग्लासात समाजवाद आहे, सांभाळून प्या."

मामू हसले. मग म्हणाले, "त्याले समाजवाद कायले पाह्यजे? आपल्यात जकात आहे ना."

हा युक्तिवाद आपल्या समाजात नेहमी ऐकू येतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. जकात फर्ज आहे, तिची थोरवी मला मान्य आहे. पण आपल्याकडे बहुतेक लोक मानतात त्या हनफी फिक्हप्रमाणे जकात गरीब माणसाच्या मालकीत जावी लागते. तिच्यातून विहीर, पूल किंवा रस्ता बांधता येत नाही. म्हणजे जकात तहानलेल्याला पाण्याचे पैसे देईल, पाइपलाइन टाकणार नाही. त्यासाठी दुसरी वाट लागते. ती वाट मदिनेत हजरत उस्मान यांनी दाखवली. तिथं रूमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती. मालक पाणी विकायचा. हजरत उस्मान यांनी ती विकत घेतली आणि सगळ्यांसाठी वक्फ केली. तेव्हापासून त्या पाण्याला मोल राहिलं नाही.

मामूंनी एका क्षणात पेच टाकला. "इकत घेतली ना? मालकाले दाम देला. सीलिंग लावून हिसकली तं नाई!"

मला मनापासून आवडलेला हा प्रतिवाद आहे. तो बरोबरही आहे. सार्वजनिक कामासाठी शेतकऱ्याची जमीन मातीमोल भावानं ओढून घेणं हा समाजवाद नाही, ती दांडगाई आहे. पण मामू अर्ध्या गोष्टीवर थांबतात. उस्माननी दाम दिला हे खरं. घेतल्यावर ती विहीर त्यांनी पुन्हा कुणाला भाड्यानं दिली नाही, हेही तितकंच खरं. आणि आज खारपाणपट्ट्यातल्या गावागावाला पाणी आणायला एवढा धनवान उस्मान कुठून आणायचा? सगळ्यांनी थोडं थोडं दिलं की कर होतो. कर म्हणजे हजारो गरीब उस्मानांची मिळून झालेली खरेदी. तिचा हिशेब मागणं हा आपला हक्क आहे, आणि तो न मागणं हे आम्हा समाजवाद्यांचं जुनं पाप आहे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जिथं माणसाला दुसरं दार आहे, तिथं सरकारनं ते बंद करू नये. कापूस कुणाला विकायचा, हे मामूंनी ठरवावं. जिथं दुसरं दारच नाही, तिथं एकुलत्या दारावर मालक बसू देऊ नये. पाणी, रात्री साप चावला तर लागणारा दवाखाना, गावातल्या पोरीची शाळा. या गोष्टींना बाजार म्हणणारा माणूस बहुधा शहरात राहतो.

मामूंचा शेवटचा वार मात्र वर्मी बसला. "बाबू, तुहा समाजवाद पगारावर चालते, माहा चुकाऱ्यावर." मी अनुदानित शाळेत शिकवतो. एक तारखेला पगार जमा होतो. गारपीट झाली तरी होतो.

त्यानंतर हंगाम आला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, आणि बाजार त्याच्या खाली. मामूंनी कापूस सीसीआयला दिला. मी फोनवर चिडवलं, "शेवटी सरकारच कामी आलं ना?"

"आदी पाण्यात ढकललं, मंग दोर फेकला. दोर धरला म्हनून मी तुह्या पार्टीत आलो काय?" मामू म्हणाले. "बाहेरचा कापूस येऊ देतात, बाहेरचं बियानं नाई येऊ देत. हे कोनतं स्वातंत्र्य आहे, सांग बरं?"

मी सांगू शकलो नाही. गिरणीसाठी दार उघडायचं आणि कास्तकारासाठी लावायचं, याला ना समाजवाद म्हणता येतं ना खुला बाजार.

येत्या १९ मार्चलाही रमजानच असणार. मी मामूंना कळवलंय की या वेळी दोन्ही उपास मीही धरीन. आवश्यक वस्तूंच्या आणि जमीन अधिग्रहणाच्या कायद्याविरुद्ध सही देईन. सीलिंगवर देणार नाही. चार एकराच्या कास्तकाराला चोपन्न एकरांची मर्यादा कुठे टोचते, हे आधी मामूंनी मला समजावून सांगावं. त्यांनी निरोप पाठवलाय, सांगतो, पण इफ्तारनंतर.