उमेदवाराला कांसेचे विचारा

महापालिकेची निवडणूक आली की दांडियाबाजार, रावपुऱ्यात उमेदवार मराठीत नमस्कार करतात, सुंदर वडोदरा घडवू म्हणतात. बरे वाटते ऐकायला. पण समाजबांधवांनो, ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी 35 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 26 फूट. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला, तेव्हाही शहर बुडाले. पावसावर इलाज नाही, हे मान्य. पण भुखी कांस, रूपारेल कांस पावसाने अरुंद केल्या नाहीत. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी उताराने शहरात आणले. आज उतारावरच बांधकामे उभी आहेत.

2021 च्या निवडणुकीत 19 प्रभाग, 76 जागा होत्या. प्रभागाला चार नगरसेवक, म्हणजे तक्रार नेली की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय! म्हणून मत मागायला येतील तेव्हाच चौघांना वेगवेगळे विचारा: आमच्या प्रभागातली कांस कुठून कुठे जाते? तिच्यावरचे दबाण काढायला सभेत हात वर कराल का? पैसा कुठून आणाल? बँकेत कर्ज मागणाऱ्याला आम्ही फेडीचे आधी विचारतो. (रागावला तर फाईल तिथेच थांबते.) उमेदवार मराठी असला तरी हेच विचारावे, आपला म्हणून सूट नको.