आधी मासे कमी करा

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या वन-टू बीएचके घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फिश टँक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. जागा बेताची, त्यामुळे टँक बहुधा दोन फुटी. त्यात मासे मात्र जागेच्या हिशेबाने येत नाहीत. मुलाला आवडले म्हणून दोन, दुकानदाराने जोडीला दिले म्हणून दोन, आणि फेंगशुईचा सल्ला मानला तर आठ सोनेरी व एक काळा असे एकदम नऊ गोल्ड फिश. दीड-दोन महिन्यांत पाणी दुधाळ होते, वास येऊ लागतो, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि एक दिवस एखादा तरंगताना दिसतो. मग दुकानातून निळे औषध येते, पाणी स्वच्छ करणारे थेंब येतात, मोठा फिल्टर येतो, तळ साफ करायला एक सकर मासा येतो. माशांची संख्या मात्र तशीच राहते, सकरमुळे उलट एकाने वाढते. माझे म्हणणे असे, की या टँकचा आजार गर्दीचा आहे. मासे कमी केल्याशिवाय बाकीच्या कुठल्याही उपायाला टिकाऊ गुण येणार नाही.

हे मत आवडीनिवडीचे नाही, साध्या हिशेबाचे आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटरच्या आत राहते. पाच-सहा ग्रॅमचे नऊ छोटे गोल्ड फिश मिळून साधारण ५० ग्रॅम भरतात आणि दिवसाला ग्रॅमभर दाणे खातात. दाण्यात ४० टक्के प्रथिने धरली, तर त्या एका ग्रॅममधून सुमारे ३५ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, परत पाण्यात येतो. म्हणजे लिटरमागे रोज ०.७ मिलिग्रॅम. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून मासे जगतात. पण नवीन टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपल्याकडे टँक व मासे एकाच संध्याकाळी घरी येतात.

‘मग चांगला फिल्टर लावा, मासे कशाला कमी करायचे?’ हा यावरचा पहिला आक्षेप, आणि तो सगळ्यात समजूतदार वाटतो. पण फिल्टर विषाचे रूप बदलतो, ते टँकबाहेर टाकत नाही. वरच्याच हिशेबाने नऊ माशांच्या टँकमध्ये दर आठवड्याला न चुकता पाव पाणी बदलले, तरी नायट्रेट वाढत वाढत लिटरमागे ८० ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊन थांबते. आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली मर्यादा ४५ आहे. त्याच टँकमध्ये तीन मासे ठेवले तर आकडा ३०च्या जवळ राहतो. शिवाय हा हिशेब लहान माशांचा आहे. मासा पाच सेंटिमीटरचा दहा झाला की त्याचे वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते. दुकानातून आणले त्या दिवशी सामावलेले मासे वर्षभराने त्याच पाण्यात सामावत नाहीत, आणि तीन गोल्ड फिशनाही पुढे मोठा टँक लागतोच. त्यात ऑक्सिजनचा प्रश्न वेगळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. मे महिन्यात देखभाल-दुरुस्तीसाठी चार-पाच तास वीज बंद राहिली की सगळ्यात महागडा फिल्टर आणि एअर पंप दोन्ही थांबतात. कमी माशांचा टँक तो वेळ निभावून नेतो. गच्च भरलेल्या टँकमध्ये घरचे कामावरून परतेपर्यंत मासे मेलेले असू शकतात.

दुसरा रूढ उपाय म्हणजे महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा करून घासणे. मासे बादलीत, वाळू आणि स्पंज नळाखाली, काच चकाचक. दिसायला समाधान देणारा हा उपाय सर्वाधिक मासे मारतो, असे मला वाटते. कल्याण-डोंबिवलीसाठीचे मोहिली-बारावे असो की ठाण्यासाठीचे टेमघर, शुद्धीकरण केंद्रातून आपल्यापर्यंत येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतोच आणि असायलाच हवा. इमारतीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली त्या दिवशी तर जास्तच. त्या पाण्याने स्पंज खळखळून धुतला की जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. ‘पाणी बदलले आणि दुसऱ्या दिवशी मासे मेले’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, तिच्यामागे आणखी एक कारण असते. जिवाणूंच्या कामात पाण्यातला क्षार खर्च होतो, त्यामुळे बरेच दिवस न बदललेले पाणी आम्लधर्मी होत जाते. अशा पाण्यात जिवाणूंचे कामही मंदावते, अमोनिया साठतो, पण तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. सामू (पीएच) ७ आणि तापमान ३० अंश असेल तर त्याचा विषारी भाग एक टक्काही नसतो, सामू ८ झाला की तो सात-आठ टक्क्यांवर जातो. साचलेल्या पाण्यात एकदम बादल्याच्या बादल्या ताजे पाणी ओतले की सामू वर चढतो आणि काल सोसवत असलेला अमोनिया आज मारक ठरतो. ताजे पाणी माशांना ‘मानवले नाही’ असे आपण म्हणतो. खरे तर जुने पाणीच त्या घडीला घातक बनलेले असते.

म्हणून बिघडलेल्या टँकमध्ये घाई चालत नाही. दोन दिवस खाणे बंद ठेवावे; निरोगी मोठ्या माशाला त्याने काही होत नाही. रोज दहा ते पंधरा टक्केच पाणी काढून तितकेच, अँटिक्लोरीन घातलेले आणि टँकइतक्याच तापमानाचे पाणी हळूहळू घालावे. एअर पंप अखंड चालू ठेवावा. स्पंज नळाखाली न धरता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नायट्राइट वाढले असेल तर थोडे साधे मीठ उपयोगी पडते. मिथिलीन ब्लू हे निळे औषध मात्र रोगाचे निदान नसताना टँकमध्ये ओतू नये, ते उपयोगी जिवाणूंनाही मारते. अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजायचे किट घरी असावे, कारण काचेसारखे नितळ पाणीही विषारी असू शकते. एवढे केल्यावर टँक सावरतो. तो सावरलेला राहावा, तर मासे कमी करणे उरतेच.

‘इथे माणसांना पाणी नाही, तुम्ही माशांसाठी दर आठवड्याला पाणी बदलायला सांगता?’ टँकर मागवणाऱ्या सोसायटीतून हा प्रश्न आला तर तो रास्तच आहे. पण ५० लिटरच्या टँकचे पाव पाणी म्हणजे बारा लिटर, एक लहान बादली, आणि ती मोरीत ओतायची नसते. त्यातला नायट्रेट बाल्कनीतल्या कुंड्यांना खत म्हणून चालतो. टँक रिकामा करून वाळू धुण्याच्या महिनावारी सोहळ्यात एका दिवसात याहून कितीतरी जास्त पाणी वाहून जाते. पाणी वाचवायचे असेल, तर तोही युक्तिवाद अखेर कमी माशांच्याच बाजूने जातो.

श्रद्धेचा मुद्दा मी टाळत नाही. नऊ मासे शुभ मानणाऱ्यांनी तसे मानावे. पण गोल्ड फिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, आणि आपल्याकडे तो वर्षभर टिकला तरी कौतुक होते. मासा मेला की त्याने घरावरचे संकट आपल्या अंगावर घेतले, असे समाधान करून घेतले जाते. हे समाधान मला मान्य नाही. तो मासा अमोनियाने कल्ले जळून मेलेला असतो, आणि ते टाळणे आपल्या हातात होते. नऊच हवे असतील तर नऊ गप्पी ठेवावेत, तेही फक्त नर, कारण गप्पीची मादी साधारण महिन्याला डझनांनी पिल्ले देते.

जास्तीचे मासे न्यायचे कुठे, हा मला सर्वांत अवघड आक्षेप वाटतो, कारण सोपे उत्तर घराजवळच असते: ठाण्यात मासुंदा किंवा उपवन, कल्याणात काळा तलाव. हे उत्तर चुकीचे आहे. पालिकेचा आरोग्य विभागच डासांच्या अळ्यांसाठी गप्पी सोडतो, मग आम्ही का नाही, असे विचारले जाते. आरोग्य विभाग ते ठराविक साचलेल्या पाण्यात, ठराविक हेतूने करतो, आणि त्यावरही जीवशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेतच. टँकमधल्या माशाबरोबर त्याचे रोगही तलावात जातात. सकरचे उदाहरण पुरेसे आहे. टँक साफ करणारा म्हणून विकला जाणारा हा दक्षिण अमेरिकी मासा फूटभराहून मोठा होतो, स्वतःच भरपूर विष्ठा टाकतो आणि मग जड झालेला तलावात सोडला जातो. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि त्याला भाव मिळत नाही. मासे परत करायचे ते दुकानात, नाहीतर मोठा टँक असलेल्या ओळखीच्या घरी.

ही जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. इटलीत मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम आणले, पण व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेतले. सरसकट बंदी मलाही नको. या धंद्यावर अनेक घरे चालतात. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या दुकानदारांना दोन गोष्टी आजही, कायद्याची वाट न पाहता, करता येतील. विकलेला मासा मोठा झाला तर परत घ्यायचा, आणि भावाच्या पाटीवर त्या माशाची पूर्ण वाढीची लांबी व त्याला लागणारे पाणी लिहायचे: गोल्ड फिश, २० सेंटिमीटर, पहिल्या माशाला ७५ लिटर; सकर, ३० सेंटिमीटरहून जास्त, दोन फुटी टँकसाठी नाही.