ढोलीच्या झाडास ‘निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांविरुद्ध



मेळघाटाच्या पायथ्याशी एक जुना, शेंड्याला वठलेला साग गेल्या माघात ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून पाडण्यात आला, आणि तो आडवा झाल्यावर त्याच्या फुटलेल्या ढोलीत, भुशाच्या थरावर, सरड्याची शेपटी, उंदराचे केस व चेचलेली दोन पांढरी अंडी आम्ही प्रत्यक्ष पाहिली. ती रानपिंगळ्याची की साध्या पिंगळ्याची, एवढे पाहण्याचीही तोडीचा हुकूम देणाऱ्यास गरज वाटली नाही. जंगलतोडीचे दुःख आपणांस नव्याने सांगावयास नको. हे पत्रक त्या एका शेऱ्याविरुद्ध आहे.

खोटी नोंद काय अनर्थ करते, याचा दाखला रानपिंगळ्याच्याच इतिहासात आहे. १८७२ साली शास्त्रज्ञांच्या हाती आलेला आणि १८८४ नंतर कोणाच्याही खऱ्या नोंदीत न उरलेला हा पावकिलोचा पक्षी नामशेष समजला जात असता, १९१४ सालच्या म्हणविल्या जाणाऱ्या एका चोरीच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील खोटे ठिकाण लिहिलेले होते, आणि त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे भलत्याच मुलखात फिरले. ती लबाडी उघडकीस आल्यावर, १९९७च्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळ एका उघड्या फांदीवर भर दिवसा रानपिंगळा बसलेला दिसला: ११३ वर्षांनी! पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला.

कित्येक म्हणतात, एक तोडले तर दहा लावू. अवश्य लावा! परंतु रानपिंगळ्यास स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने कोरलेली अथवा फांदी मोडून कुजत गेलेली पोकळीच त्यास लागते, आणि ती सामावण्याइतका बुंधा भरण्यास पिढ्या जातात. रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीत ढोली मिळत नाही. दुसरे म्हणतात, १९७४ पासून मेळघाटात वाघ राखला आहे, त्याच्या आडोशाने पाखरूही राहील. वाघास ढोली लागत नाही, आणि रानपिंगळा विरळ, कोरड्या सागवनात, म्हणजे पुष्कळदा गावशिवारालगत, नेमका कुऱ्हाडीच्या वाटेवर राहतो. तिसऱ्यांना कोरकू बाईच्या डोक्यावरची मोळीच तेवढी दिसते. ती बाई पडलेली काटकी उचलते. उभ्या झाडावर शेरा ती लिहीत नाही. गरिबाच्या चुलीआड लपणाऱ्या या आक्षेपाची आम्हांस शिसारी येते.

गावकऱ्यांनो, तोडीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. जेथे ‘निरुपयोगी’ हा शब्द येईल त्या झाडाखाली जाऊन वर पाहा, आणि ढोली दिसली तर तो शेरा खोडल्यावाचून कुऱ्हाड लावू देऊ नका.